घरी घडलेली लढाऊ विमाने

डिसेंबर १९९८ मध्ये मायक्रोप्रोज कंपनीने 'फाल्कन ४.०' हा एफ-१६ विमानाचा सिम्युलेटर बाजारात आणला. तो अर्धाकच्चा होता, दोषांनी भरलेला होता, आणि वर्षभरातच तो बनवणारा चमू कंपनीने मोडीत काढला. एप्रिल २००० मध्ये त्याचा सोर्स कोड फुटून बाहेर आला. एखाद्या उत्पादनाचा शेवट व्हावा अशी ही घटना. पण फाल्कनचे दुसरे आयुष्य तिथूनच सुरू झाले. नोकरी सांभाळून रात्री काम करणाऱ्या हौशी माणसांनी तो कोड दुरुस्त केला, विमानांचे नवे आकार घातले, कॉकपिट नव्याने रंगवले, उड्डाणाचे गणित पुन्हा मांडले. 'फाल्कन बीएमएस' या नावाने त्याच्या नव्या आवृत्त्या आजही विनामूल्य निघतात. अट एकच आहे: मूळ फाल्कन ४.० ची अधिकृत प्रत तुमच्याकडे हवी.

लढाऊ सिम्युलेटरांमध्ये स्वतःच्या हाताने बनवलेले विमान, रणगाडा, रडारची गाडी किंवा युद्धनौका घालण्याची, म्हणजे 'मॉड' बनवण्याची, हौस आता तीन दशकांच्या घरात पोचली आहे. तिच्याकडे बाहेरचा माणूस रंगीत चित्रे म्हणून पाहतो. प्रत्यक्षात तिच्यात शिल्पकला आहे, वायुगतिकी आहे, प्रोग्रॅमिंग आहे, कागदपत्रांचे संशोधन आहे आणि कायदाही आहे. या सगळ्याकडे एकत्र पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे: विमानाचा आकार घडवणे यातले सर्वांत सोपे काम, त्याचे वर्तन घडवणे अवघड, आणि घडवलेले टिकवणे त्याहूनही अवघड. आढावा घेताना हे तिन्ही वेगवेगळे तपासायला हवेत, कारण छायाचित्रात देखणे दिसणारे मॉड हवेत गेल्यावर खोटे निघते आणि हवेत खरे उतरलेले मॉड पाच वर्षांनी चालतच नाही, असे वारंवार घडले आहे.

सुरुवात कोणी केली यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दरवाजे कोणी उघडे ठेवले हे पाहावे. मायक्रोसॉफ्टचा 'कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर' १९९८ साली आला, दुसरा भाग २००० मध्ये, तिसरा २००२ मध्ये. नागरी फ्लाइट सिम्युलेटरवर आधीच घरगुती विमाने बनत होती, त्यामुळे इथेही तीच पद्धत आली: एका फोल्डरमध्ये मॉडेलची फाइल, रंगांच्या फाइली, वजन-इंजिन-इंधन यांची साध्या मजकुरातली फाइल आणि उड्डाणाच्या तक्त्यांची एक बायनरी फाइल. ही शेवटची फाइल मायक्रोसॉफ्टने उलगडून सांगितलेली नव्हती. लोकांनी एकेक आकडा बदलून, उडवून, पुन्हा बदलून तिचा अर्थ लावला. त्रिमितीय मॉडेलसाठी 'जीमॅक्स' हे थ्रीडीएस मॅक्सचे मोफत धाकटे भावंड मिळाले आणि महागडे सॉफ्टवेअर न परवडणारी माणसे एकदम या कामात आली. मायक्रोसॉफ्टने चौथा भाग काढलाच नाही. तरी तिसऱ्या भागाच्या पायावर 'ओव्हर फ्लँडर्स फील्ड्स' हे पहिल्या महायुद्धाचे अख्खे आकाश हौशी लोकांनी उभे केले.

त्याच २००२ साली थर्ड वायर या छोट्या कंपनीचा 'स्ट्राइक फायटर्स' आला. त्याचा कर्ता त्सुयोशी कावाहितो याने आधी 'युरोपियन एअर वॉर'वर काम केले होते. स्ट्राइक फायटर्समध्ये विमानाची जवळजवळ सगळी माहिती साध्या आयएनआय फाइलींत होती: पंखाचा प्रत्येक भाग, त्याची उचल, त्याची ओढ, कोणत्या खुंटीला किती वजनाचा बॉम्ब, कोणत्या वर्षापासून कोणते क्षेपणास्त्र. नोटपॅड उघडता येणारा कोणीही सुरुवात करू शकत होता. १९५० ते १९८० च्या दशकांतल्या जेट विमानांचा एवढा मोठा घरगुती संग्रह दुसऱ्या कोणत्या सिम्युलेटरभोवती जमला असेल असे मला वाटत नाही. या क्षेत्राचा इतिहास लिहिताना या साध्या मजकुरी फाइलींना मोठा मान द्यावा लागेल.

'इल-२ स्टुर्मोविक'ची कहाणी अधिक गुंतागुंतीची, म्हणून जरा थांबून पाहू. ओलेग मॅडॉक्स यांच्या मॉस्कोतल्या चमूने २००१ मध्ये हा सिम्युलेटर काढला. त्यात बाहेरच्या माणसाला विमान थेट घालता येत नसे. मात्र मॅडॉक्स यांनी दुसरी वाट ठेवली: हौशी कारागिराने ठरलेल्या मोजमापांत मॉडेल बनवून पाठवावे, चमूने तपासावे, उड्डाणाचे गणित स्वतः बसवावे आणि पुढच्या अधिकृत आवृत्तीत ते सर्वांना द्यावे. अनेक देशांतल्या लोकांनी अशी विमाने आणि कॉकपिट दिली. या पद्धतीत दर्जाची चाळणी होती आणि जाळ्यावर एकत्र खेळणाऱ्या सगळ्यांकडे एकच विमान, एकाच गुणधर्मांचे असे. तोटा असा की मॉडेल स्वीकारले गेले नाही तर वर्षभराची मेहनत कपाटात. २००७ च्या सुमारास कोणी तरी त्या फाइलींचे कुलूप फोडले. खेळाचा बराचसा तर्क जावामध्ये लिहिलेला असल्यामुळे आत शिरल्यावर जवळजवळ काहीही बदलता येत होते. समाज दोन तटांत विभागला. एका गटाच्या मते आता फसवणूक होणार, कोणाच्या विमानाला गुपचूप जास्त ताकद असेल ते कळणार नाही. दुसऱ्याच्या मते अडकून पडलेली विमाने शेवटी उडणार. दोघांचेही खरे ठरले. पुढे मोठमोठे मॉडसंच तयार झाले, एकाच संचाच्या लोकांनी एकत्र खेळायचे असा रिवाज पडला. आणि दुसरीकडे टीम डायडॅलॉस या स्वयंसेवी गटाने मॅडॉक्स यांच्या संमतीने अधिकृत सुधारणा काढायला सुरुवात केली. माझा कल टीम डायडॅलॉसच्या वाटेकडे आहे. उघडेपणा हवा, पण त्याबरोबर तपासणारा कोणी तरी हवाच.

आजच्या चर्चेच्या मध्यभागी 'डीसीएस वर्ल्ड' आहे. ईगल डायनॅमिक्सने २००८ मध्ये 'ब्लॅक शार्क' हे हेलिकॉप्टर आणि २०११ मध्ये 'ए-१०सी' आणले. हे दुसरे विमान अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी बनवलेल्या संगणकी प्रशिक्षकातून उतरले होते. मूळ कार्यक्रम विनामूल्य, विमाने विकत, आणि तिसऱ्या पक्षांना परवाना, अशी त्यांची रचना आहे. हौशी माणसाला विनामूल्य मॉड बनवण्याची मोकळीक आहे, पण विक्रीसाठी करार लागतो. या मोकळिकीतून निघालेले सर्वांत चांगले काम म्हणजे ए-४ई स्कायहॉकचे सामुदायिक मॉड. विमानवाहू नौकेवरून उडणारे, कॉकपिटमधली बटणे खरोखर दाबता येणारे, आणि कोणाकडूनही एक पैसा न घेणारे. विकत मिळणाऱ्या विमानांच्या ओळीत त्याला बसवले तरी ते खाली मान घालणार नाही.

आता घडवण्याकडे येऊ. पहिले काम कागदांचे. तीन बाजूंची रेखाचित्रे कोणत्याही जुन्या पुस्तकात मिळतात, पण अनुभवी मॉडर त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. समोरून, वरून आणि बाजूने काढलेली चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत ही नेहमीची गोष्ट आहे, आणि धडाच्या मधल्या छेदांबद्दल ती काहीच सांगत नाहीत. म्हणून लांबी आणि पंखविस्तार यांसारखी पक्की मापे आधी ठरवायची, मग चित्रे त्या मापांना ताणून बसवायची, आणि शेवटी छायाचित्रांशी ताडायची. संग्रहालयातल्या विमानाभोवती फिरून काढलेल्या शेकडो छायाचित्रांतून संगणक बिंदूंचा ढग तयार करतो आणि त्यावर मॉडेल बेतता येते. व्यावसायिक चमू लेझर स्कॅन करतात. पण संग्रहालयातले विमान म्हणजे सेवेतले विमान नव्हे. त्याचे टायर बसलेले असतात, चाकांच्या दांड्यांतला दाब गेलेला असल्यामुळे ते खाली झुकलेले असते, नाकातले रडार काढून घेतलेले असते, रंग कोणी तरी अंदाजाने दिलेला असतो. तिथले रंग जसेच्या तसे उचलले तर चूक पडद्यावर उतरते.

आकार बहुतेक जण आता ब्लेंडरमध्ये घडवतात, कारण तो विनामूल्य आणि मुक्त आहे. 'इल-२'च्या काळी एका विमानाला काही हजार त्रिकोण पुरत. आज डीसीएसमधल्या विमानाचे त्रिकोण लाखांत मोजतात. आकार झाला की त्याची कातडी उलगडून सपाट पसरायची आणि तिच्यावर रंग, खडबडीतपणा, धातूची चमक, रिव्हेटांचे उठाव यांचे थर चढवायचे. चांगला रंगारी ओळखायचा असेल तर विमानाच्या पोटाकडे पाहावे. तेल कुठून गळते, धूर कुठे बसतो, जमिनीवरचे कर्मचारी पाय कुठे ठेवतात, हे ज्याला माहीत आहे त्याचे विमान वापरातले वाटते. त्यानंतर हलणारे भाग. डीसीएसमध्ये प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे: पुढचे चाक ०, उजवे चाक ३, डावे ५, आयलेरॉन ११ आणि १२, एअरब्रेक २१, कॅनोपी ३८. हे क्रमांक चुकवले तर चाके आत घेताना कॅनोपी उघडते. काम कंटाळवाणे आहे, पण नेमके इथेच घाई करून कित्येक देखणी मॉडेले अर्धवट सोडली गेली आहेत.

आणि मग उड्डाण. माझ्या मते मॉडचा खरा कस इथे लागतो. डीसीएसमधली साधी पद्धत म्हणजे एक तक्ता. ध्वनिवेगाच्या प्रत्येक टप्प्याला उचल नसतानाची ओढ किती, पंखाचा हवेशी कोन एकेक अंशाने वाढेल तशी उचल किती वाढेल, त्या उचलीबरोबर ओढ किती वाढेल, जास्तीत जास्त कोन किती, लोळण्याचा वेग किती, एवढे आकडे भरायचे. तक्ता नीट भरला तर सरळ उड्डाण, चढ आणि सौम्य वळणे बऱ्यापैकी खरी येतात. पण पायलटने विमान मर्यादेबाहेर ओढले की तक्त्याला काही सुचत नाही, कारण घसरून फिरकीत जाणे, एक पंख आधी पडणे, या गोष्टी त्यात नाहीतच. दुसरी पद्धत म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅम लिहायचा, जो सेकंदाला शंभराहून जास्त वेळा विमानाच्या प्रत्येक भागावरचे बल आणि पीळ मोजून सिम्युलेटरला कळवतो. स्कायहॉकच्या मॉडने सुरुवात पहिल्या पद्धतीने केली आणि पुढे दुसरी स्वीकारली. फरक हाताला कळतो. खऱ्या स्कायहॉकच्या पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या पायलटच्या ताब्यात नसत; हवेच्या दाबानेच त्या आत-बाहेर सरकत, आणि कधी एक बाजू आधी उघडली की विमानाला झटका बसे. असले वर्तन तक्त्यात बसत नाही, ते मोजावेच लागते.

आकडे आणायचे कुठून? काही विमानांचे नशीब चांगले आहे. नासाच्या लँग्ली केंद्राने डिसेंबर १९७९ मध्ये तांत्रिक निबंध क्रमांक १५३८ प्रसिद्ध केला. त्यात एफ-१६ च्या विंड टनेल चाचण्यांचे सविस्तर तक्ते आहेत: उणे २० पासून ९० अंशांपर्यंतच्या कोनांचे. विद्यापीठांतल्या पाठ्यपुस्तकांपासून हौशी सिम्युलेटरांपर्यंत एफ-१६ ची असंख्य गणिते याच तक्त्यांवर उभी आहेत. जिथे असे काही नाही तिथे 'डॅटकॉम' मदतीला येतो. अमेरिकी हवाई दलासाठी १९७० च्या दशकात लिहिलेला हा फोरट्रान कार्यक्रम विमानाची मापे घेऊन गुणांकांचा अंदाज देतो. 'फ्लाइटगियर' हा मुक्त सिम्युलेटर आणि त्यातले जेएसबीसिम हे गणितयंत्र वापरणाऱ्यांमध्ये ही वाट रुळलेली आहे. अंदाज हा अंदाजच. ध्वनिवेगाजवळ आणि मोठ्या कोनांवर तो भरवशाचा नसतो.

एक चूक इतक्या वेळा दिसते की तिच्याबद्दल बजावायलाच हवे. मॉडर पुस्तकातला कमाल वेग पाहतो, विमान तेवढे पळत नाही म्हणून इंजिनाचा जोर वाढवतो, आकडा जुळला की समाधान मानतो. पण जोरही जास्त आणि ओढही जास्त असेल तरी कमाल वेग बरोबर येतो. चूक मग इतरत्र फुटते: विमान रॉकेटसारखे वेग घेते आणि थ्रॉटल मागे घेताच दगडासारखे थांबते. म्हणून कमाल वेग सर्वांत शेवटी तपासावा. आधी इंजिन मंद ठेवून घसरत्या उड्डाणात ओढ पाहावी, मग ठरावीक वजनाला ठरावीक उंचीवर वेग घ्यायला लागणारा वेळ, मग चढ, मग न मंदावता टिकणारे वळण. उड्डाणपुस्तिकेतले आलेख याच क्रमाने वाचले तर दोन चुका एकमेकींना झाकू शकत नाहीत.

जमिनीवरच्या वाहनांकडे लोक दुय्यम काम म्हणून पाहतात. ते अन्यायाचे आहे. थोडे गणित करू. ७ मीटर लांबीचा रणगाडा ५ किलोमीटरवरून अंशाच्या बाराव्या भागाएवढा दिसतो. ६० अंशांचे दृश्य १९२० पिक्सेलच्या पडद्यावर पसरले असेल तर तो रणगाडा जेमतेम अडीच पिक्सेलांचा ठिपका. त्या ठिपक्यासाठी लाख त्रिकोण खर्च करणे म्हणजे सगळ्यांचा संगणक विनाकारण दमवणे. म्हणून वाहनाच्या चार-पाच आवृत्त्या बनवाव्या लागतात, जवळ तपशीलवार आणि लांब जाईल तशी साधी. पण पायलटने लक्ष्यवेधी कॅमेऱ्यात एका अंशाचे दृश्य घेतले की तोच ठिपका दीडशे पिक्सेलांचा होतो, आणि तोही उष्णतेच्या छटांत. इंजिन कुठे आहे, कोणता भाग आधी तापतो, तोफेची नळी गोळीबारानंतर उजळते का, याला आता महत्त्व येते. रंगाच्या थरांइतकाच उष्णतेचा थर काळजीने करायला हवा, आणि बहुतेक मॉडर तो शेवटच्या संध्याकाळी उरकतात.

विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या तुकड्यांत तर दिसण्याला सर्वांत कमी किंमत आहे. भारतानेही वापरलेल्या पेचोराचे उदाहरण घ्या: शोध घेणारे रडार वेगळे, माग काढणारे वेगळे, क्षेपणास्त्रांचे तळ वेगळे, सूत्रे हलवणारी गाडी वेगळी. एक गाडी बनवून भागत नाही. प्रत्येकीने दुसरीला काय कळवायचे, रडार नष्ट झाले की तळ मुका व्हायचा की नाही, पायलटच्या इशारायंत्रात कोणता आवाज उमटायचा, किती उंचीखाली विमान दिसेनासे व्हायचे, हे सगळे ठरवावे लागते. डीसीएससाठीच्या 'हाय डिजिट सॅम्स' या विनामूल्य मॉडने एस-३०० कुळातल्या आवृत्त्या आणल्या, आणि त्यामुळे मोहिमा आखणाऱ्यांचे काम पालटले. पायलटला आता पन्नास-साठ किलोमीटर अलीकडूनच विचार करावा लागतो. एका नव्या विमानाने जो फरक पडला नसता तो या गाड्यांनी पाडला.

इथवर हौस आणि कौशल्य. पुढे कायदा उभा आहे, आणि तो गमतीचा विषय नाही. डीसीएसच्या कंपनीत काम करणाऱ्या एका रशियन माणसावर एफ-१६ सह अमेरिकी विमानांच्या पुस्तिका मिळवून देशाबाहेर नेल्याचा खटला अमेरिकेत भरला गेला. जॉर्जिया देशात त्याला पकडून २०१९ मध्ये अमेरिकेच्या स्वाधीन केले गेले, त्याने गुन्हा कबूल केला आणि भोगलेल्या कैदेवर त्याची सुटका झाली. अशा पुस्तिका जाळ्यावरच्या लिलावात उघड विकल्या जातात. तरी त्या देशाबाहेर पाठवणे शस्त्रनिर्यातीच्या कायद्यात बसू शकते. त्याआधी २०१२ मध्ये 'आर्मा' हा युद्धखेळ बनवणाऱ्या चेक कंपनीचे दोन कर्मचारी ग्रीसच्या लेम्नोस बेटावर लष्करी जागांची छायाचित्रे घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले आणि १२९ दिवस कैदेत राहिले. 'वॉर थंडर' या खेळाच्या चाहत्यांनी तर आपला रणगाडा अचूक नाही हे सिद्ध करण्याच्या भरात २०२१ पासून गोपनीय कागद अनेकदा उघड केले. वाद जिंकण्यासाठी स्वतःच्या सैनिकांचे संरक्षण उघडे करणे याला मी हौस म्हणणार नाही.

नावे आणि आकार यांच्या मालकीचा प्रश्न वेगळा. 'इल-२' मालिकेतल्या 'पॅसिफिक फायटर्स'च्या वेळी नॉर्थ्रॉप ग्रुमनने आपल्या विमानांच्या वापरावर हक्क सांगितला, आणि 'इल-२' च्या अधिकृत आवृत्तीत ग्रुमनची नवी विमाने येणे थांबले. उलट ३१ मार्च २०२० रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने हम्व्ही गाडीच्या प्रकरणात खेळ बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनच्या बाजूने निकाल दिला: वास्तवदर्शी कलाकृतीत खरे वाहन दाखवणे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते. हा निकाल अमेरिकेपुरता आहे, तरी निर्मात्यांना त्याने धीर दिला. समाजाच्या आतली चोरी मात्र मला अधिक लागते. एका खेळातून मॉडेल उपटून दुसऱ्यात स्वतःच्या नावाने घालणे सर्रास चालते. त्याला कायद्याआधी लोकांनीच नकार द्यायला हवा.

टिकण्याचा प्रश्न शेवटी घेतला, कारण तो सर्वांत कमी बोलला जातो. व्हीईएओ या परवानाधारक चमूने डीसीएससाठी ब्रिटिश हॉक विमान विकले. २०१८ मध्ये चमूने काम थांबवले, आणि पुढच्या आवृत्त्यांत ते विमान चालेनासे झाले. पैसे देणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही. २०२४ मध्ये रेझबॅम हा दुसरा परवानाधारक चमू आणि ईगल डायनॅमिक्स यांच्यातला पैशांचा वाद जाहीर झाला आणि एफ-१५ई चे काम अडले. विकत घेतलेले विमानही कोणाच्या तरी भांडणावर अवलंबून असते, हे त्या वर्षी पुष्कळांच्या लक्षात आले. विनामूल्य मॉडचे मरण आणखी शांतपणे येते: कर्त्याचे लग्न होते, नोकरी बदलते, डिस्क बिघडते, आणि सिम्युलेटरच्या पुढच्या सुधारणेनंतर विमान उघडत नाही. ब्लेंडरची मूळ फाइल आणि प्रोग्रॅमचा कोड कोणाकडे नसेल तर दुरुस्ती अशक्य. फ्लाइटगियरमधली विमाने मुक्त परवान्यावर असल्यामुळे एकाने सोडलेले दुसरा उचलतो; ती दिसायला बहुधा साधी असतात, पण मागे पडत नाहीत. स्कायहॉकचा कोडही उघडा ठेवलेला आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे कारण मला त्यातच दिसते.

मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारे धागे आपल्या आसपासच आहेत. मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६० च्या दशकापासून बनवले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला ते हवाई दलातून निवृत्त झाले. त्याच ओझरला सुखोई-३० एमकेआय जुळले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेले पहिले तेजस एमके-१ए उडाले. डीसीएसमध्ये मिग-२१बिस २०१४ पासून आहे आणि त्यावर भारतीय रंग चढवणाऱ्या स्किन सहज मिळतात. सेवेतल्या विमानांबाबत मात्र मला सावधच राहावेसे वाटते. त्यांच्या रडार आणि युद्धयंत्रणांचे खरे आकडे उघड नाहीत, आणि तसेच असायला हवे. त्यामुळे आधुनिक विमानांची बहुतेक विनामूल्य मॉड्स दुसऱ्या विमानाच्या उसन्या यंत्रणांवर चालतात. हवाई तळाच्या कुंपणाबाहेर कॅमेरा घेऊन उभे राहणे तर नकोच. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा प्रतिबंधित जागांबाबत कडक आहे.

निवृत्त विमानांचे क्षेत्र मोकळे आहे आणि तिथे भारतीय काम फार थोडे झाले आहे. माझी निवड मरुत. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या चमूने आखलेले एचएफ-२४ मरुत १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. १४७ विमाने बनली. १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढली. लांबी १५.८७ मीटर, पंखविस्तार ९ मीटर, चार ३० मिलिमीटरच्या एडन तोफा, पोटात बाहेर सरकणारी ५० रॉकेटांची पेटी. उड्डाणाचे गणित मांडणाऱ्यासाठी तर ते उत्तम आव्हान आहे. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा होता, पण त्यासाठी धरलेले इंजिन आलेच नाही. सुमारे २,२०० किलो जोराची दोन ऑर्फियस ७०३ इंजिने बसवावी लागली, आणि सरळ उड्डाणात विमान ध्वनिवेगाच्या आसपासच थांबले. आफ्टरबर्नर लावून पाहिला तेव्हा शेपटीकडची ओढ वाढून फायदा खाऊन गेली. प्रेमापोटी त्याला दुप्पट वेग देऊन टाकणारा मॉडर मरुतवर अन्याय करील. त्याचा सुंदर, निमुळता देह आणि अपुरे इंजिन, दोन्ही खरे दाखवले तरच १९७१ च्या वैमानिकांनी काय साधले ते पडद्यासमोर बसलेल्याला कळेल.

साधने जवळ आहेत. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत उभे आहे, जर्मनीतल्या मराठी माणसांना म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमला दुसरे पाहता येते. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर एकाच आवारात आहेत. पहिल्या विक्रांतच्या डेकवरची ही सगळी पिढी. रणगाड्यांसाठी अहिल्यानगरचे १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे, आणि सेंच्युरियनपासून पॅटनपर्यंत १९६५ च्या मैदानातली वाहने तिथे जवळून पाहायला मिळतात. प्रत्येक ठिकाणी छायाचित्रांचे नियम आधी विचारावेत आणि परवानगी असेल तेवढेच टिपावे.

ज्या तरुणांना हे काम खुणावते त्यांना सांगणे एवढेच: पहिल्यांदा विमान घेऊ नका, एखादा लष्करी ट्रक किंवा विमानतळावरची इंधनाची गाडी घ्या आणि ती पूर्ण करा. मग विमानाकडे या, आणि उड्डाणाचे आकडे जिथून घेतले त्याची नोंद त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फाइली पहिल्या दिवसापासून मुक्त परवान्यावर उघड्या करा, म्हणजे तुम्हाला वेळ नसेल त्या वर्षी दुसरा कोणी मरुत उडता ठेवील.